पाठीतले पाणी काढल्याने लेकरू लुळे होत नाही



आज अशा एका तपासणीबद्दल लिहायचे आहे, जिचे नाव ऐकताच घरातली मोठी माणसे सही करायला नकार देतात. डॉक्टर तिला लंबर पंक्चर किंवा नुसते 'एलपी' म्हणतात. आपल्या बोलण्यात ती 'पाठीतले पाणी काढणे' असते. लेकराला जबर ताप येतो, झटके येतात, शुद्ध हरपते. दवाखान्यात डॉक्टर संमतीचा कागद पुढे करतात. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणते, "पाठीतलं पानी काढलं तं पोरगा लुला होते." सही राहून जाते. कधी कधी तर रातोरात सुट्टी घेऊन लेकराला घरी आणले जाते.

ही भीती खोटी आहे, एवढे म्हणून ती जात नाही. सुई नेमकी कुठे जाते, तिथे काय असते आणि काय नसते, हे कळले तर जाते. म्हणून आजचा लेख पाठीच्या कण्याच्या रचनेवर आहे.

आपल्या भागात हे का कळायला हवे

दिघोरी, लाखांदूर, साकोली हा सगळा धानपट्टा. पावसाळ्यात बांध्यांत पाणी साचते, त्या पाण्यात क्युलेक्स जातीचे डास वाढतात. डुकरे आणि बगळ्यांसारखे पाणपक्षी यांच्या अंगातला जपानी मेंदूज्वराचा विषाणू हे डास माणसापर्यंत आणतात. दुसरा विषाणू तर आपल्या शेजारच्या गावाच्या नावानेच जगभर ओळखला जातो. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो प्रथम सापडला. भिंतीच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलीत राहणारी बारीक वाळूमाशी तो पसरवते. २००७ मध्ये नागपूर विभागातल्या लहान मुलांमध्ये त्याची साथ आली होती.

याशिवाय जिवाणूंमुळे होणारा मेंदूज्वर आहे आणि क्षयरोगाचा मेंदूज्वरही आहे. सुरुवातीला हे सगळे सारखेच दिसतात: ताप, ओकारी, डोकेदुखी, झटके, झापड. उपचार मात्र वेगवेगळे आहेत. जिवाणूंचा असेल तर प्रतिजैविकांची इंजेक्शने त्याच दिवशी, त्याच तासाला सुरू व्हावी लागतात. क्षयाचा असेल तर औषधे वर्षभराच्या आसपास घ्यावी लागतात. विषाणूचा असेल तर झटके थांबवणे, मेंदूची सूज कमी करणे, श्वास सांभाळणे यावर भर असतो. यातले नेमके काय आहे हे बाहेरून पाहून ठरवता येत नाही. मेंदूभोवती जे पाणी आहे त्यातच त्याची खूण सापडते.

सिकलसेलच्या घरांनी इथे विशेष लक्ष द्यावे. विदर्भात आदिवासी आणि बौद्ध समाजात हा आजार बराच आहे. सिकलसेल आजार असलेल्या मुलाची पानथरी लहानपणीच निकामी होत जाते, आणि मेंदूज्वर करणाऱ्या न्युमोकोकस जिवाणूंना अडवणारा पहारेकरीच जातो. अशा मुलाला जोराचा ताप आला तर सकाळची वाट पाहू नये.

मज्जारज्जू कमरेपर्यंत पोहोचतच नाही

पाठीचा कणा ३३ मणक्यांचा असतो. मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५, त्याखाली एकमेकांत जुळलेले ५ आणि शेवटी माकडहाडाचे ४. या मणक्यांच्या मागच्या बाजूला एक पोकळ नळी तयार होते. मेंदूतून निघालेला मज्जारज्जू या नळीतून खाली येतो. तो साधारण करंगळीएवढा जाड असतो. हातपाय हलवण्याचा हुकूम मेंदूकडून त्याच्यातूनच जातो. त्याला इजा झाली तर माणूस लुळा होऊ शकतो, हे खरे आहे. लोकांची भीती इथूनच आलेली आहे.

आता मुख्य गोष्ट. नळी माकडहाडाच्या जवळपर्यंत जाते, पण मज्जारज्जू तिच्या शेवटापर्यंत जात नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी, म्हणजे बरगड्या संपल्यावर थोडे खाली, संपतो. पुरुषात त्याची लांबी जेमतेम ४५ सेंटीमीटर असते, कणा मात्र ७० सेंटीमीटरच्या आसपास.

असे का होते? आईच्या पोटात तिसऱ्या महिन्यापर्यंत मज्जारज्जू आणि कणा एकाच लांबीचे असतात. पुढे हाडे भराभर वाढतात आणि मज्जारज्जू मागे राहतो. जन्माच्या वेळी त्याचे टोक कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या आसपास असते, आणि नंतर हळूहळू वर सरकल्यासारखे दिसते. म्हणूनच तान्ह्या बाळाची एलपी करताना डॉक्टर आणखी खालची फट निवडतात.

मग मज्जारज्जूच्या टोकाखाली नळीत काय असते? तिथे पाणी असते आणि पायांकडे जाणाऱ्या नसांचे सुटे धागे असतात. हा झुपका घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो, आणि वैद्यकशास्त्रात त्याचे नावही तेच आहे. घरी एक प्रयोग करून पाहा. बादलीभर पाण्यात सुताचे दहा-बारा लांब धागे सोडा आणि शिवणाची सुई एखाद्या धाग्यात खुपसायचा प्रयत्न करा. धागा बाजूला सरकतो. नसाही तशाच सरकतात. कधी सुई एखाद्या नसेला चाटून गेली तर पायात क्षणभर झिणझिणी येते. रुग्णाने तसे सांगितले की डॉक्टर सुई थोडी मागे घेतात.

कमरेची रेघ

डॉक्टरांना बाहेरून कसे कळते की आपण मज्जारज्जूच्या खाली आहोत? त्यासाठी शरीरावरच खूण आहे.

सरळ उभे राहून दोन्ही हात कमरेवर ठेवा. बोटांखाली दोन्ही बाजूंना हाडाची कड लागते. त्या दोन कडांच्या सर्वांत उंच जागा पाठीमागून एका सरळ रेघेने जोडल्या असे समजा. ही रेघ कमरेच्या चौथ्या मणक्यावरून, किंवा चौथ्या-पाचव्याच्या मधून जाते. सुई तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या फटीत घालतात. मज्जारज्जूचे टोक तिथून एक-दोन मणके वर असते. सुरक्षितता आहे ती या अंतरात.

मात्र एक सावधगिरी लागते. अंग जाड असेल किंवा बाई गरोदर असेल तर हाताने चाचपून काढलेली जागा खऱ्यापेक्षा एक मणका वर निघू शकते. काही थोड्या माणसांत मज्जारज्जू नेहमीपेक्षा खालपर्यंतही असतो. म्हणून शंका आली तर अनुभवी डॉक्टर वरची फट सोडतात आणि खालची घेतात.

आईबापांनी सांगायलाच हवी अशी एक गोष्ट यात आहे. लेकराच्या कमरेवर, मधोमध, जन्मापासून केसांचा झुपका, खोल खळी, मऊ गाठ किंवा वेगळ्या रंगाचा डाग असेल, तर ते सुई घालण्याआधी डॉक्टरांना दाखवा. अशा काही मुलांत मज्जारज्जू खाली अडकलेला असतो आणि नेहमीची सुरक्षित जागा सुरक्षित राहत नाही. गडबडीच्या वेळी पोटाकडून तपासणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेतून हे सुटू शकते. रोज आंघोळ घालणाऱ्या आईला मात्र ते माहीत असते.

सुई कशातून जाते

आधी पाठ औषधाने स्वच्छ पुसतात. जागा बधिर करण्याचे औषध देतात. मग बारीक, लांब सुई दोन मणक्यांच्या मधून, अगदी मधल्या रेषेत, बेंबीच्या दिशेने किंचित वर रोखून आत नेतात.

सुई क्रमाने कातडी, चरबी आणि मणक्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध यांतून जाते. शेवटचा अस्थिबंध पिवळसर आणि चिवट असतो. तो ओलांडताना हाताला अडथळा सुटल्यासारखे जाणवते. त्यानंतर चरबी आणि बारीक शिरांची एक पातळ जागा येते, मग जाड आवरण, त्याला चिकटलेले पातळ आवरण, आणि त्यापलीकडे पाणी. हाड कुठेही फोडले जात नाही. तान्ह्या बाळात हे अंतर एक-दीड सेंटीमीटर असते, मोठ्या माणसात पाच सेंटीमीटर किंवा जास्त.

मधली रेषा का धरायची? शिरांचे जाळे बाजूला जास्त असते आणि नसाही बाजूंनीच बाहेर पडतात. मध्ये राहिले तर रक्तस्राव आणि नसेला धक्का हे दोन्ही टळते.

या सुईच्या पोकळीत आणखी एक बारीक तार बसवलेली असते. आत जाताना कातडीचा कण सुईत अडकून कण्यात जाऊ नये, म्हणून ती असते. योग्य जागी पोहोचल्यावर तार काढतात आणि पाणी थेंब थेंब आपोआप येते. सिरिंज लावून ओढून काढत नाहीत. सुई बाहेर काढण्याआधी तार पुन्हा आत घालतात.

लेकराला गुंडाळून का धरतात

दाराच्या फटीतून हे दृश्य पाहून आईचा जीव वर येतो. लेकराला कुशीवर निजवून, गुडघे पोटाशी आणि पाठ कमानीसारखी करून एक सिस्टर किंवा ब्रदर घट्ट धरतात. हे निर्दयपण नाही. पाठ वाकली की मणक्यांच्या मागची टोके पंख्याच्या पात्यांसारखी फाकतात आणि फट रुंद होते. लेकरू हलले किंवा पिळले गेले तर मधली रेषा चुकते. चांगले धरले तर एकाच प्रयत्नात काम होते. तान्ह्या बाळाची मान मात्र दाबून वाकवायची नसते, कारण श्वास अडू शकतो. धरणाऱ्याचे लक्ष बाळाच्या श्वासाकडे आणि रंगाकडे असावे लागते. मोठ्या माणसात हीच तपासणी बसवूनही करतात.

किती पाणी जाते आणि ते परत भरते का

"मेंदूचं पानीच काढून घेतलं तं काय राहते?" हा प्रश्न रास्त आहे. मोठ्या माणसात हे पाणी सुमारे १५० मिलीलीटर असते. मेंदूत ते सतत तयार होते, दिवसाला जवळपास ५०० मिलीलीटर, आणि जुने रक्तात जिरत जाते. म्हणजे सगळे पाणी दिवसातून तीन-चार वेळा बदलते. तपासणीसाठी मोठ्यांचे साधारण १० मिलीलीटर, म्हणजे दोन चमचे घेतात. ते अर्ध्या तासाच्या आसपास भरून येते. लहान मुलांचे याहून कमी, थोडेच मिलीलीटर घेतात.

त्या दोन चमच्यांतून बरेच कळते. निरोगी माणसाचे पाणी विहिरीच्या नितळ पाण्यासारखे असते. जिवाणूंचा मेंदूज्वर असेल तर ते गढूळ दिसते, पांढऱ्या पेशी भरमसाट वाढतात आणि साखर घटते, कारण ती जिवाणू आणि पेशी वापरून टाकतात. क्षयात पाणी बहुधा स्वच्छच दिसते, पण ठेवून दिले तर कधी कोळ्याच्या जाळ्यासारखी साय धरते. विषाणूच्या मेंदूज्वरात साखर बहुधा ठीक असते. मेंदूभोवती रक्तस्राव झालेला असेल तर पाणी लाल येते. सुईने शीर दुखावल्यामुळेही लाल येऊ शकते. म्हणून पाणी वेगवेगळ्या नळ्यांत घेतात. सुईचे रक्त असेल तर नंतरच्या नळ्या फिक्या होत जातात, आतले असेल तर सगळ्या सारख्याच लाल राहतात.

मग 'लुळा झाला' ही उदाहरणे कुठून आली

तशी उदाहरणे वस्तीत खरोखर असतात. अमक्याच्या पोराची एलपी केली आणि नंतर त्याचा पाय गेला, हे लोक डोळ्यांनी पाहिलेले सांगतात. पण एलपी कुणाची करतात? ज्याच्या मेंदूला जंतूंनी आधीच गाठले आहे त्याची. जपानी मेंदूज्वर आणि क्षयाचा मेंदूज्वर मेंदूच्याच पेशी मारतात. वाचलेल्या मुलांपैकी काहींचे हातपाय, बोलणे किंवा ऐकणे त्यामुळे जाते. आजार आत चाललेला असतो, तो दिसत नाही. सुई दिसते. म्हणून दोष सुईवर जातो. प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि ते कारण नीट शोधावे, असे भगवान बुद्धांनी प्रतीत्यसमुत्पादात शिकवले. एकामागून एक घडले म्हणजे पहिल्यामुळेच दुसरे घडले, असे होत नाही.

याचा दुसरा पुरावा प्रत्येक वस्तीत चालता-बोलता आहे. सिझर झालेल्या बाया आठवा. पोटाखालचा भाग बधिर करण्यासाठी त्यांच्या पाठीत इंजेक्शन दिले होते. ती सुई याच जागी, याच थरांतून, याच पाण्यात गेली होती. पाणी काढण्याऐवजी तिथे थोडे औषध सोडले, एवढाच फरक. पाय दोन-चार तास जड राहिले आणि परत आले. त्याच बाया आज रोवणीला वाकतात. जर्मनीतल्या कील शहरात क्विंके यांनी १८९१ मध्ये पाठीतले पाणी काढण्याची पद्धत मांडली. त्याच शहरात बिअर यांनी १८९८ मध्ये त्याच वाटेने बधिर करण्याचे औषध दिले. तेव्हापासून सव्वाशेहून अधिक वर्षे जगभर ही वाट वापरात आहे.

खरे धोके कोणते

सर्वांत जास्त आढळणारा त्रास डोकेदुखीचा, आणि तो मोठ्यांत जास्त. आवरणाला पडलेल्या छिद्रातून थोडे पाणी झिरपत राहते. उठून बसले की डोके ठणकते, निजले की थांबते. बहुतेकांचे दुखणे काही दिवसांत जाते. फारच टिकले तर डॉक्टर त्यावर वेगळा उपाय करतात. सुईच्या जागी एक-दोन दिवस पाठ दुखते. रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग क्वचित होतो.

काही वेळा मात्र डॉक्टर स्वतःच पाणी काढायचे थांबवतात, आणि तसे थांबणे बरोबर असते:

– मेंदूत गाठ किंवा पू साचून डोक्यातला दाब एका बाजूने वाढला असेल. अशा वेळी खालून पाणी काढले तर मेंदू खाली ओढला जाऊन जीव धोक्यात येतो. म्हणून आधी डोळ्यांच्या आतला पडदा पाहतात, गरज वाटली तर सीटी स्कॅन करतात.
– रक्त गोठत नसेल, प्लेटलेट फार कमी असतील किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल.
– सुई घालायच्या जागीच फोड किंवा पू असेल.
– रुग्णाचा श्वास किंवा रक्तदाब ढासळलेला असेल.

पाणी काढायला उशीर होणार असेल, तर जिवाणूंच्या मेंदूज्वराची शंका असताना प्रतिजैविक त्यासाठी अडवून ठेवत नाहीत. आधी सुरू करतात.

सही करण्याआधी विचारा

संमतीचा कागद आपल्या हक्काचा आहे. समजून सही करणे आणि न समजता नाकारणे यांत फरक आहे. शांतपणे विचारावे:

– डॉक्टरसाहेब, कोणत्या आजाराची शंका आहे? पाणी काढल्याने उपचारात काय बदलेल?
– डोक्यातला दाब तपासला का? सीटी लागेल का?
– औषध आधी सुरू केले का?
– अहवाल केव्हा मिळेल आणि तो कोण समजावून सांगेल?

आणि न विचारता स्वतःहून सांगावे: सिकलसेलचे कार्ड, झटक्यांची किंवा रक्त पातळ करणारी चालू औषधे, जखमेतून रक्त लवकर न थांबण्याचा पूर्वइतिहास, बधिर करण्याच्या औषधाची ॲलर्जी, कमरेवरची जन्मखूण.

तपासणीनंतर पायात अशक्तपणा किंवा बधिरपणा आला, लघवी अडली, पाठीचे दुखणे वाढत गेले, सुईच्या जागेतून पाणी किंवा पू आला, तर लगेच सिस्टरांना सांगावे. घरी आल्यावर असे झाले तर त्याच दवाखान्यात परत जावे.

वस्तीने काय करावे

एलपी गावातल्या उपकेंद्रात होत नाही. दिघोरीहून भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय किंवा पुढे नागपूरचे मेडिकल-मेयो गाठावे लागते, आणि वाटेतच बराच वेळ जातो. तो वेळ घरी घालवू नये. तापासोबत झटका, सतत ओकारी, मान ताठ होणे, उजेड सहन न होणे, झापड किंवा बडबड, तान्ह्या बाळात दूध न ओढणे किंवा टाळू फुगणे, यातले एकही दिसले तर १०८ ला फोन करा. बाहेरची बाधा समजून झाडफूक करण्यात गेलेली रात्र परत मिळत नाही.

बालकांच्या सरकारी लसीकरणात पेंटाव्हॅलेंट आणि न्युमोकोकल लस मोफत मिळते. जिवाणूंच्या मेंदूज्वराची दोन मोठी कारणे त्यांनी अडतात. आशाताईंकडे कार्ड दाखवून राहिलेले डोस पूर्ण करून घ्या, सिकलसेलच्या मुलांचे तर नक्कीच.

आणि येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर पाच मिनिटे काढा. सर्वांना कमरेवर हात ठेवायला सांगा, ती रेघ दाखवा, मज्जारज्जू कुठे संपतो ते सांगा. कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्ट पारखून घ्यायला सांगितले होते. 'पोरगा लुला होते' हे ऐकीव आहे. कमरेची रेघ प्रत्येकाला स्वतःच्या बोटांनी तपासता येते. ज्या घरावर उद्या ती वेळ येईल, त्या घराच्या मागे उभा राहून बोलणारा माणूस तरी हे जाणणारा असावा.